कोपर चाचपणारे डॉक्टर

कोठावदे डॉक्टरांनी कुणाला नुसता नमस्कार करून सोडून दिलंय, असं मी कधी पाहिलं नाही. ते समोरच्याचा हात हातात घेत, "काय म्हणता, बरं चाललंय ना?" असं विचारत, आणि तो माणूस उत्तर देईपर्यंत त्यांची बोटं त्याच्या मनगटावरून सरकत कोपराच्या आतल्या हाडामागे पोचलेली असत. तिथे एक नस असते. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच. डॉक्टर ती नस बोटाखाली इकडून तिकडे घोळवून बघत. बारीक लागली तर त्यांचा चेहरा खुलायचा. जाड लागली तर आणखीच खुलायचा, कारण मग त्यांना काम मिळायचं.

मी धुळ्याची. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून अमळनेरच्या कुष्ठरोग पथकात नोकरीला लागले, तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. घरी सगळ्यांची तोंडं उतरली होती. एवढं शिकून महारोग्यांचे हात चोळायचे का, असा आईचा सवाल होता. पहिल्या दिवशी मी पथकाच्या खोलीत शिरले, तर टकलाच्या कडेने केस उभे राहिलेला, ठेंगणा, अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टातला एक माणूस टेबलाला वळसा घालून जवळजवळ धावतच आला. "नव्या ताई ना तुम्ही? बघू, कोपर बघू!" मी घाबरून हात पुढे केला. त्यांनी नस चाचपली आणि सगळ्या पथकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा! काय सुरेख नस आहे हो! विद्यार्थ्यांना दाखवावी अशी!" माझ्या डोळ्यांचं, केसांचं कौतुक आधी कुणी कुणी केलं होतं. नसेचं पहिल्यांदाच होत होतं. मला हसू आवरेना, आणि आईचा सवाल मी त्या दिवसापुरता विसरून गेले.

डॉक्टरांच्या बुशशर्टाच्या खिशात पेन नसायचं, कापूस असायचा. तोही दुकानातला नव्हे. हंगामात अमळनेरच्या रस्त्यावरून कापसाने भरलेल्या बैलगाड्या चालल्या, की डॉक्टर चालता चालता हात घालून चिमूटभर कापूस ओढून घ्यायचे. गाडीवान ओरडला की "सरकारी काम शे, भो!" असं वर त्यालाच सुनावायचे. मग झाडाखाली असो, पारावर असो, पेशंटला डोळे मिटायला सांगून त्या कापसाची बारीक वात करून त्याच्या अंगाला लावायची, आणि कुठे लागली तिथे त्याने बोट ठेवायचं. जिथे बोट येत नाही, तिथे रोग. एवढी साधी परीक्षा. पण ती घेताना डॉक्टर स्वतःच श्वास धरून बसायचे. बोट बरोबर जागी आलं की "शाब्बास!" म्हणून पेशंटची पाठ थोपटायचे.

"डाग काय, न्हावीसुद्धा ओळखेल," असं ते आम्हाला सारखं सांगायचे. "तुम्ही नस बघा, नस! हा रोग दिसतो कातडीवर, राहतो नसेत." आणि ते खरं होतं. लोकांना वाटायचं रोगाने बोटं झडतात. तसं नसतं. नस सुजते, हळूहळू निकामी होते, हाताला चटका कळत नाही, पायाला काटा कळत नाही, आणि मग जखमांवर जखमा होऊन बोटं जातात. त्या सुमारास नवी औषधं आली होती. आधी एकच गोळी वर्षानुवर्षं खायची, आता तीन मिळून ठरलेल्या मुदतीत रोग संपायचा. त्यातलं एक औषध महिन्यातून एकदा आमच्या डोळ्यांसमोर गिळायचं असायचं. डॉक्टरांना त्याचा इतका आनंद, की जणू ती औषधं त्यांच्याच घरी जन्मली होती. "रोग बरा करणारं औषध आलंय, ताई! आता फक्त नस वाचवायची, मग आपण जिंकलो!" असं ते जीपमध्ये ओरडायचे, आणि जीपच्या आवाजावर आपला आवाज चढवण्यात त्यांना फार मजा यायची.

त्यांच्या या उत्साहाला वेळकाळ नव्हता. जळगावला त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता. मुलाचे मामा, चांगले जाडजूड, गळ्यात सोनसाखळी. डॉक्टरांनी आधी मामांचं एक कोपर चाचपलं, मग दुसरं, आणि मग "जरा मान वळवा हो" म्हणून त्यांची कॉलर ओढली. मानेत कानाखाली एक नस असते, तीही या रोगात जाड होते. मामांना ते काय माहीत! त्यांनी झटकन सोनसाखळीवर हात ठेवला. डॉक्टरांनी मात्र मांडवभर ऐकू जाईल असं जाहीर केलं, "उत्तम! सगळ्या नसा उत्तम! आता खुशाल सोयरीक करा!" पुतणीने पुढे पाच-सहा महिने काकांशी अबोला धरला होता म्हणतात. ही हकिकत आम्हाला खुद्द डॉक्टरांनीच सांगितली, आणि शेवटपर्यंत त्यांना आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं.

एकदा आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात तपासणीला गेलो होतो. दुपारी एका घरी जेवायला बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. डॉक्टर खाण्याचे शौकीन. जेवणात त्यांना कुणी अडवलेलं आवडत नसे. घरधनी आपल्या थोरल्या बहिणीकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाला, "आमनी अक्काले देवीनं वरदान शे, साहेब. तवावरथून भाकर बिनफडक्यानी उचलस. इंगळ बी हातमां धरी लेस. चटकाच बसत नही!" अक्का चुलीपुढे लाजून हसली. गावात तिचा त्याबद्दल मोठा मान होता. लग्नाकार्यात मोठ्या चुलीवर तिलाच बसवत.

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "ताई, कापूस!" ते म्हणाले. खिसा त्यांचाच, पण हात ठेच्याने भरलेला. मी त्यांच्या खिशातून कापूस काढला आणि अक्काला डोळे मिटायला लावून तिच्या बोटांना एकेक करून लावला. अक्का डोळे मिटून शांत बसून राहिली. "आते लावा ना," ती म्हणाली. मी लावून थकले होते.

रोग आहे म्हटल्यावर अक्का रडली नाही. तिला राग आला. "मंग देवीनं माले काय दिधं?" तिने विचारलं. तिचा मान जात होता, आणि तो कुणी घेतला तर या ठेचा खाणाऱ्या टकल्या पाहुण्याने. डॉक्टर खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "अक्का, बोटं अजून सगळी जागेवर शेत का नही? तेच दिधं! अन् वर हाऊ डॉक्टर बी दिधा!" घरातले सगळे हसले, मग अक्काही हसली. पुढच्या बाजाराला डॉक्टरांनी तिच्यासाठी लाकडी मुठीची सांडशी घेतली आणि ती कशी धरायची ते चुलीपुढे बसून स्वतः करून दाखवलं. त्यात दोन भाकऱ्या जाळल्या. अक्काच्या बोटांना स्पर्श पुरता परत आला नाही. फार उशीर झाला होता. पण औषध पूर्ण झालं, बोटं सगळी शाबूत राहिली.

"उशीर" हा शब्द डॉक्टरांना सहन होत नसे. "वेळेत आलास, भो!" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणायला मिळावं म्हणून ते लोकांना आधीच गाठत फिरायचे. लोटन कंडक्टरला त्यांनी असंच गाठलं.

आमची जीप बंद पडली होती म्हणून आम्ही एसटीने अमळनेरहून पारोळ्याला निघालो होतो. ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर आम्ही दोघं. कंडक्टर पंच वाजवत आला. पारोळ्याचाच राहणारा, चाळिशीचा, गोरटेला, तोंडाने गोड. डॉक्टर म्हणाले, "दोन पारोळा." त्याने ट्रेमधून तिकिटं ओढली, पंच मारला आणि दिली. डॉक्टर तिकिटांकडे न बघता त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग मला कोपराने ढोसलं. "ताई, अंगठा! अंगठा बघा!"

मला आधी काही दिसलं नाही. डॉक्टरांनी कंडक्टरला पुन्हा हाक मारली. "ओ भाऊ, दोन धुळे द्या."

"आताच पारोळा लिधं ना?"

"विचार बदलला. धुळ्याला जाऊ."

या वेळी मला दिसलं. आपण कागद चिमटीत धरतो तेव्हा अंगठा सरळ राहतो. त्याचा अंगठा पुढच्या पेरात वाकडा होत होता, कारण नुसत्या दाबाला ताकद पुरत नव्हती. आणि करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून बाहेर राहिली होती. जवळ येतच नव्हती. हा माणूस दिवसभर तिकिटं फाडतोय, पंच दाबतोय, आणि हात निसटत चाललाय हे त्याच्या गावीही नाही!

डॉक्टरांचं मन अजून भरलं नव्हतं. "एक अर्धं तिकीटही द्या," ते म्हणाले.

"पोरगं कोठे शे?" कंडक्टरने आमच्या दोघांच्या मध्ये वाकून पाहिलं.

"मागे बसलंय."

कंडक्टर खरंच मागे पोरगं शोधायला गेला. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे संशयाने पाहू लागला. हे हिलालआबा. लोटन आणि हिलालआबा कितीतरी वर्षं एकाच गाडीवर होते, आणि लोटनशी कुणी जरा चढ्या आवाजात बोललं तर आबा गाडी बाजूला घेऊन भांडायला उतरत, अशी त्यांची ख्याती होती.

पारोळ्याच्या स्टँडवर उतरताच डॉक्टरांनी लोटनचा हात प्रेमाने हातात घेतला, आणि बोटं नेहमीच्या जागी गेली. "आई वं!" म्हणून लोटन गाडीच्या पायरीवरच बसला. नस सुजून इतकी हुळहुळी झाली होती. माणसं जमली. हिलालआबा स्टिअरिंग सोडून उतरले. "काय कयं रे भो त्याले?" त्यांनी दरडावलं.

डॉक्टरांनी गोळा झालेल्या माणसांकडे पाहिलं, लोटनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चटकन म्हणाले, "काही नाही, काही नाही. कोपराला मार लागलाय. हाडाचं दुखणं आहे. मी डॉक्टर आहे, माझ्याकडे पाठवा." त्यांना वाटलं, आपण त्याची लाज राखली. त्या क्षणी ती राखलीही होती.

दवाखान्यात लोटनने शर्ट काढला, तर खांद्यामागे तळहाताएवढा फिकट डाग. कापूस लावला तर कळत नव्हता. त्याला स्वतःला तो कधी दिसलाच नव्हता, बायकोला वाटायचं घामाने आलंय. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. रोग आहे, बरा होतो, औषध सुरू केलं की दुसऱ्याला लागत नाही. पण हाताचं वेगळं आहे. नस सुजली आहे. सूज उतरवायच्या गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या, हळूहळू कमी करत आणायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. कोपर आधाराच्या पट्टीत बांधून गळ्यात अडकवायचं आणि कुणाला म्हणजे कुणालाही हात लावू द्यायचा नाही. "नस अजून मेली नाही! वेळेत आलास, भो!" असं म्हणून डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली.

लोटन ऐकत होता की नाही कोण जाणे. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "साहेब, पंच दाबता येई ना?"

"येईल!"

"अन् डेपोमां कळी ते? पोरनी सोयरीक चालू शे मनी. कोनी मन्हा हाततून तिकीट बी लेवाव नही."

"माझ्या तोंडून तुझं नाव निघणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी शब्द दिला, आणि लोटन हात गळ्यात बांधून रजेवर घरी बसला. हाडाचं दुखणं म्हणून.

आणि इथेच घोटाळा झाला. हाडाचं दुखणं म्हटल्यावर आपल्याकडची माणसं गप्प बसतात होय? डेपोतल्या माणसांचा लोटनवर जीव. हिलालआबांनी जवळच्या एका खेड्यातून नावाजलेले हाडवैद्य गाठले, आपल्या सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन लोटनच्या घरी आले. बरोबर दोन मेकॅनिक, धरायला. पट्टी सोडली, तेल गरम केलं, आणि सुजलेल्या नसेवर वैद्यांनी अंगठे रोवून मनसोक्त मालिश केली. लोटन ओरडत होता. "हाड बसी ऱ्हायनं, भो, जराखा सोस," म्हणून आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन कुरवाळत होते. आणि लोटनला सांगता येईना की हे हाड नाही, कारण मग काय आहे ते सांगावं लागलं असतं.

पुढच्या गुरुवारी तो तपासणीसाठी दवाखान्यात आला, तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेली होती. मी सरळ करायला सांगितली, ती होत नव्हती. हाताची करंगळीकडची बाजू पूर्ण बधिर.

कोठावदे डॉक्टर गप्प बसलेले मी त्या दिवशी पाहिले. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मीच बोललो ना हाडाचं दुखणं म्हणून," ते म्हणाले. "त्या माणसाने मायेने वैद्य आणला हो. मी सांगितलेल्या दुखण्यावरच आणला." मग ते ताडकन उठले, गोळ्यांचं प्रमाण वाढवलं, पट्टी स्वतः बांधली. "नस चिडली आहे, मेली नाही! पण पुन्हा अशी मालिश झाली तर हात गेला, लोटन. कायमचा गेला."

लोटन मान खाली घालून म्हणाला, "वैद्य रविवारले परत येनार शे. तीन बैठका लागतीन म्हने."

रविवारी सकाळीच आम्ही पारोळ्याला त्याच्या घरी हजर. पण हिलालआबांची मंडळी आमच्याही आधी पोचली होती. चुलीवर तेलाचं पातेलं चढलेलं, वैद्य बाह्या सरसावून बसलेले, आबांनी लोटनची पट्टी सोडायला घेतलेली. डॉक्टर दारातूनच ओरडले, "थांबा!"

"का बरं?" आबांनी विचारलं.

आता काय सांगणार? शब्द दिलेला. डॉक्टरांनी काय काय सांगून पाहिलं! तेल चांगलं नाही. आज हवा बरोबर नाही. मी जास्त शिकलेलो आहे. प्रत्येक कारणावर वैद्य शांतपणे मान हलवायचे आणि आबा म्हणायचे, "साहेब, तुमनी पट्टीखाले बोटं वाकडी झायी, हाई आम्हीन डोळासवरी देखं. आते आमले करू द्या." त्यांच्या बाजूने ते अगदी बरोबर होतं. डॉक्टर दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. एवढासा माणूस, पण हात पसरून उभा. मला वाटलं आता मारामारी होणार.

तेवढ्यात लोटनची बायको सुमनबाई उठली. ती आतापर्यंत भिंतीशी गप्प बसून होती. तिने फडक्याने पातेलं उचललं, मोरीपाशी नेलं आणि सगळं तेल ओतून दिलं. मग नवऱ्याकडे पाहत उभी राहिली.

लोटनने आबांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "आबा, हाड मोडेल नही शे," तो म्हणाला. "महारोग शे. नस सुजेल शे. साहेबनी मन्हासाठे खोटं सांगं."

आबांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग उठले, चपला घातल्या आणि वैद्यांना न घेताच निघून गेले. मेकॅनिकही त्यांच्या मागोमाग गेले. वैद्य बिचारे पारोळ्याच्या रस्त्यांना नवे. त्यांना स्टँडवर मीच सोडून आले.

दुसऱ्या दिवशी डेपोत सगळ्यांना कळलं होतं. डॉक्टरांनी कुणाची परवानगी न घेता ड्रायव्हर-कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत जाऊन बाकावर उभं राहून बोलायला सुरुवात केली. मी त्यांची बरीच भाषणं ऐकली आहेत, पण त्या दिवशी ते पेटलेच होते. नस काय असते, ती कशी सुजते, औषध घेणाऱ्या माणसापासून भीती का नाही, हे सगळं इतक्या घाईने सांगत होते की शब्द एकमेकांना धडकत होते. मग खाली उतरून एकेकाचं कोपर चाचपायला लागले. आधी सगळे मागे सरले, मग एकाने हात पुढे केला, मग रांगच लागली. स्वतःच्या नसेबद्दल ऐकायला कुणाला आवडत नाही? हिलालआबा मात्र खिडकीशी पाठ करून उभे होते. ते रांगेत आले नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, पण हाक मारली नाही.

पुढचे महिने लोटन दर गुरुवारी यायचा. गोळ्यांनी त्याचा चेहरा फुगून गोल झाला. बसून खाऊन अंग धरलंय असं वाटून शेजारणी म्हणायच्या, "घर बसीसन कंडक्टर मानवना." मुलीची सोयरीक ठरता ठरता थांबली होती, आणि आबा एकदाही घरी फिरकले नव्हते. आधी त्याचं दुखणं गेलं. सूज उतरल्यावर मी तेल लावून त्याची बोटं हलक्या हाताने सरळ करायला शिकवलं, मग त्याने आपल्या ताकदीने करायची. आठवडे जात होते आणि करंगळी ढिम्म. डॉक्टर दर वेळी माझ्या मागे उभे राहायचे आणि "हलली का? हलली का?" असं विचारून मला भंडावून सोडायचे. एकदा मी त्यांना खोलीबाहेर काढलं.

आणि एका गुरुवारी ती हलली. मी लोटनच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागद धरायला दिला आणि नेहमीसारखा ओढला. कागद आला नाही. मी पुन्हा ओढला. लोटन दात खाऊन धरून होता, त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि कागद टरकन फाटला. अर्धा माझ्या हातात, अर्धा त्याच्या बोटांत. मी किंचाळलेच. डॉक्टर धावत आले, त्यांनी तो अर्धा कागद पाहिला आणि तसेच बाहेर रस्त्यावर गेले. तिथे कापसाच्या गाडीवर बसलेल्या एका अनोळखी माणसाला ते हात हलवून सांगत होते, "परत आली! करंगळी परत आली!" तो माणूस घाबरून बैल हाकायला लागला. खोलीत लोटन रडत होता, सुमनबाई रडत होती, आणि मला वाटत होतं की जगात माझ्याएवढी चांगली नोकरी कुणालाच नाही. आईला मी ते त्याच आठवड्यात सांगितलं.

पंच दाबण्याइतकी ताकद यायला आणखी वेळ लागला. लोटन कामावर परतला त्याच महिन्यात डॉक्टरांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. मी त्यांना अमळनेरच्या स्टँडवर पोचवायला गेले. धुळ्याची गाडी लागलेली होती. योगायोग म्हणा किंवा डॉक्टरांनी वेळ मुद्दाम साधली म्हणा, ती लोटनची गाडी होती, आणि ड्रायव्हरच्या जागेवर हिलालआबा. दोघांना पुन्हा एकत्र गाडी मिळण्याचा तो पहिलाच दिवस होता. आबांनी ना होय म्हटलं होतं ना नाही. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते.

डॉक्टर आबांच्या मागच्याच बाकावर ट्रंक पायाशी घेऊन बसले. मी खाली, त्यांच्या खिडकीशी. लोटनने प्रवासी मोजले, दार लावलं आणि पुढे येऊन आबांच्या शेजारी उभा राहिला. मग त्याने खिशातून डबी काढली. डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, आणि उजव्या अंगठ्याने मळायला लागला. सावकाश, जोर देऊन, चांगली बारीक. थोपटून भुकटी उडवली. आणि हात आबांच्या पुढे धरला.

आबांनी त्या हाताकडे पाहिलं. गाडीतली माणसं बोलत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मला खात्री होती की आता डॉक्टर काहीतरी करणार. मध्ये हात घालतील, रोग लागत नाही म्हणून ओरडतील, स्वतःच चिमूट उचलतील. ते अर्धे उठलेही होते. पण त्यांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओठ मिटून तसेच थांबले. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, त्यांना थांबलेलं मी तेवढंच पाहिलं.

लोटनचा हात थरथरायला लागला होता, तरी त्याने तो मागे घेतला नाही.

आबांनी आधी त्याचं मनगट धरलं, हात स्थिर केला, मग चिमूट उचलून ओठाखाली दाबली. "दुपारी घर येस तुन्हा," ते म्हणाले. "सुमनले सांग, भाकर टाक म्हना." आणि त्यांनी गाडी सुरू केली.

डॉक्टर काय ओरडले ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. गाडी वळून रस्त्याला लागली, तेव्हा खिडकीतून त्यांचे दोन्ही हात बाहेर आलेले होते.